तू भरून ठेवलेलं पाणी

आज रेवाच्या डाव्या पायावर एकही नवा फोड नाही. उजव्या पायावर एक आहे, पण तो कालचाच. कालचा म्हणून खात्रीनं सांगतो, कारण मी त्याच्या शेजारी पेनानं बारीक टिंब काढून ठेवलं होतं. हात, मान, कानामागची जागा, सगळं बघून झालं. ताप नाही. दुपारी अर्धी वाटी पेज खाल्ली आणि उरलेली माझ्या चष्म्यावर उडवली. तू असतीस तर सगळ्यात आधी हेच विचारलं असतंस, म्हणून आधी हे सांगून टाकलं.

तुला जाऊन पस्तीस दिवस झाले. लोक अजून भेटायला येतात, तुझ्या हातच्या आळूच्या भाजीबद्दल आणि तुझ्या हसऱ्या स्वभावाबद्दल बोलतात. मी मान डोलावतो. हसरा स्वभाव त्यांच्या वाट्याला आला होता हे खरं आहे. मला आपली भांडणं आठवतात. आणि नात झाल्यापासून आपलं भांडण एकच होतं, ते म्हणजे डासांचं.

आपल्या अनघाची बाळंतपणाची रजा संपली आणि रेवाला दिवसभर आपल्याकडे ठेवायचं ठरलं, तेव्हा तू लगेच कामाला लागलीस. बाजारात मिळते ती छत्रीसारखी मच्छरदाणी तुला पसंत पडली नाही. खालून फट राहते म्हणालीस, आणि तुझी जुनी वायलची साडी फाडून तिला वीतभर झालर शिवलीस, गादीखाली खोचता यावी म्हणून. मी म्हणालो, "हे काय लग्नाच्या मांडवासारखं केलं आहेस?" तू म्हणालीस, "पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलीत, एक फट बुजवता आली का तुम्हाला?"

तुझा दुसरा ठाम समज म्हणजे डास संध्याकाळी सहालाच येतात. जणू अनघासारखी त्यांनाही कंपनीची बस सोडायला येते. पावणेसहाला तू दारं-खिडक्या लावून घ्यायचीस आणि सकाळी सताड उघडायचीस. माझा ठाम समज वेगळा होता. डास पार्किंगमागच्या ओढ्यातून येतात आणि तो ओढा सोसायटीच्या गलथानपणामुळे तुंबतो. सोसायटीला मी त्यावर तीन पत्रं लिहिली होती. आपल्या घरात इतकी स्वच्छता असताना डास दुसऱ्याच्या घाणीतूनच येणार, यात मात्र आपल्या दोघांचं एकमत होतं. आता वाटतं, ज्यात एकमत होतं तेवढ्याच गोष्टीत आपण पुरते चुकलो.

रेवा तीन महिन्यांची असताना तिच्या गालावर टपोरा फोड आला म्हणून आपण दोघं धावत डॉक्टरांकडे गेलो होतो, आठवतं? रांगेत तासभर बसलो. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "आजोबा, डास चावलाय. वाघ नाही." मग त्यांनी विचारलं, "काही लावलंत का?" तू अभिमानानं सांगितलंस, खोबरेल तेलात कापूर घालून. त्यांचा चेहरा एकदम बदलला. कापूर एवढ्या बाळाच्या अंगाला अजिबात लावायचा नाही, त्यानं झटके येऊ शकतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. थंड पाण्याची घडी ठेवा, नखं कापा, अंगभर सुती कपडे घाला, डास मारायचं यंत्र पाळण्याजवळ लावू नका, आणि ताप आला तर घरचं औषध न देता तडक इकडे या. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "यांच्या आजीनं यांना लहानपणी काय लावलं होतं ते विचारायला हवं होतं." मी दिवसभर ते सगळ्यांना सांगून हसत होतो.

पण त्या दिवसापासून तू कापूर लावला नाहीस. काही बोलली नाहीस, कबूल केलं नाहीस, नुसती ती डबी उचलून देव्हाऱ्यात ठेवलीस. फोड आला की स्टीलची वाटी फ्रीजमध्ये थंड करून तिचं बूड हलकेच टेकवायचीस आणि रेवा दचकून गप्प व्हायची. मला हे आत्ता, देव्हारा पुसताना लक्षात आलं. चाळीस वर्षांत तू किती गोष्टी अशा न बोलता सोडून दिल्या असशील, कोण जाणे. मी मात्र एवढीशी माघार घेतली की पंधरा दिवस तिची जाहिरात करायचो.

आंघोळीच्या पाण्याबद्दल मात्र तू कुणाचं ऐकलं नाहीस. गिझर असताना रोज सकाळी स्टीलचं मोठं पातेलं भरून बाल्कनीत ठेवायचीस, वर पंचा पसरून. उन्हानं कोमट झालेलं पाणी बाळाच्या अंगी लागतं म्हणायचीस. तुझ्या आईनं तुला तसंच न्हाऊ घातलं, तू अनघाला घातलंस. अकराच्या सुमाराला त्या पाण्यानं आंघोळ झाली की रेवा जी झोपायची ती थेट एकपर्यंत. त्यात वाईट काहीच नव्हतं. रोज भरलं जायचं आणि रोज संपायचं.

त्या दिवशीही तू पातेलं भरलंस. साडेनऊला पाणी बाल्कनीत ठेवलं होतंस आणि सव्वादहाला तू नव्हतीस. रेवाची आंघोळ राहिली.

पातेल्याकडे माझं लक्ष गेलं ते चौथ्या दिवशी. मंगलबाई झाडत झाडत बाल्कनीत गेल्या आणि म्हणाल्या, "काका, हे पाणी शिळं झालंय, टाकते." मी असा ओरडलो की सोफ्यावर बसलेले पाहुणे उठून उभे राहिले. "हात लावू नका त्याला!" बिचाऱ्या झाडू घेऊन आत गेल्या. मी भावनाविवश होणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या साड्या मी दहाव्या दिवशी कपाटातून काढून अनघाच्या स्वाधीन केल्या. तुझा चष्मा देऊन टाकला. पण ते पाणी तू भरलं होतंस. घरातली ती एकच गोष्ट अशी होती की तू अर्धी करून ठेवली होतीस आणि पुढचं अर्धं व्हायचं होतं.

रोज सकाळी मी चहा घेऊन तिथे उभा राहायचो. पंचा एकदा वाऱ्यानं उडाला, तो घडी करून कपाटात ठेवला. पाणी हळूहळू बोटभर खाली गेलं. मला त्याचीच धास्ती वाटायला लागली, की हे असंच आटत जाणार आणि एक दिवस संपणार. पाण्यात काय चाललं आहे हे बघायला मी कधी वाकलोच नाही.

तुझं सगळं पार पडल्यावर अनघा म्हणाली, "बाबा, कंपनीच्या आवारात पाळणाघर आहे. रेवाला तिकडेच नेते. तुमच्या एकट्यावर नको." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सत्तरीला आलेला माणूस, ज्यानं स्वतःच्या मुलीचा लंगोटसुद्धा कधी बदलला नाही, त्याच्यावर साडेआठ महिन्यांचं पोर कसं सोडायचं? पण रेवा गेली असती तर त्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच उरलो असतो. मी म्हणालो, "महिनाभर बघ. काही कमीजास्त वाटलं तर ने." ती तयार झाली. ती परीक्षा होती, हे तुला सांगायला हरकत नाही.

तिसऱ्याच दिवशी पायावर तीन फोड. मग सात. मग अकरा. तेही भर दुपारी, दारं लावलेली असताना. मी नखं कापली, हातात मोजे घातले, पायजमे घातले. वाटी थंड करून लावत बसलो. मच्छरदाणीची तुझी झालर रोज चारही बाजूंनी खोचली. ती पाळण्यात असेपर्यंत ठीक होतं, पण ती आता रांगते ना! बाल्कनीच्या दारापाशी जाऊन बसायची, कबुतरं बघायला. मी डास मारायची रॅकेट घेऊन तिच्या मागे मागे. संध्याकाळी अनघा यायची, हात धुवायची आणि पहिल्यांदा पोरीचे पाय बघायची. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी तिचा फोन आला की, "बाबा, आज किती?" एवढंच. मी एकदा अकराचे आठ सांगितले.

मग मी ओढ्यावर तुटून पडलो. सोसायटीला चौथं पत्र लिहिलं, महापालिकेत तक्रार केली, दोनदा जाऊन आलो. शेवटी एके सकाळी आरोग्य खात्याची एक मुलगी आली, हातात टॉर्च आणि पिशवीत वही. मी तिला ओढ्यापाशी घेऊन गेलो आणि गलथानपणावर दहा मिनिटं ऐकवलं. तिनं शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "काका, पाणी वाहतंय की. दिवसा चावणारा डास हितला नसतोय. त्याला साचलेलं, स्वच्छ पाणी लागतंय. घरात बघू का?"

"आमच्या घरात? अवश्य बघा," मी म्हणालो. माझा तो आवाज तुला माहीत आहे. त्या आवाजात बोलून मी किती जणांसमोर किती वेळा तोंडघशी पडलो असेन, त्याची साक्षीदार तूच.

तिनं फ्रीजमागचा ट्रे पाहिला, कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. मग बाल्कनीत गेली आणि पातेल्यावर टॉर्च धरला. "काका, हिकडं या." मी वाकलो. पाण्यात बारीक काळसर अळ्या वळवळत होत्या. टॉर्चच्या उजेडानं खाली पळत होत्या, परत वर येत होत्या. "लई दिवसांचं पाणी हाय हे. बघा, काही तर उडूनबी गेलेत," ती म्हणाली. आत रेवा पाळण्यात जागी झाली होती आणि स्वतःशीच काहीतरी बडबडत होती.

"ओतून टाका," ती म्हणाली. "मोरीत नको, हितं उन्हात कोरड्या फरशीवर ओता. आणि पातेलं कडेनं घासून घ्या, अंडी चिकटलेली असत्यात." मी पातेल्याचे दोन्ही कान धरले, पण उचललं नाही. तिला वाटलं मला उचलवत नाही, म्हणून ती पुढे झाली. मी म्हणालो, "थांबा जरा." तिनं माझ्याकडे पाहिलं, घरात पाहिलं, तुझ्या फोटोला घातलेला हार पाहिला. "काकूंनी भरलेलं का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती मागे सरली. "मग तुम्हीच ओता. मी थांबते."

तिला अजून पंधरा घरं बघायची होती. तरी ती दाराला टेकून उभी राहिली. मी ओतलं. पाणी फरशीवर पसरलं, उन्हात चमकलं, आणि थोड्या वेळानं फरशी वाळायला लागली. मग मी ते पातेलं घासलं, दोनदा घासलं. रडलो. परक्या मुलीसमोर रडलो आणि तिनं वहीत डोकं घालून मला न पाहिल्यासारखं केलं.

अनघाला मी हे सांगितलं नाही. सांगणार होतो. संध्याकाळी ती आली, पाय पाहिले, तर नवीन एकच फोड. "आज कमी आहेत, बाबा!" ती इतकी मनापासून हसली की मला तिचं ते हसू मोडवेना. उद्या सांगू म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी रेवाला ताप आला.

ते चार दिवस मी तुला सांगू शकत नाही नीट. एकशे दोन. पोर नुसती मलूल होऊन खांद्यावर पडायची. डॉक्टरांनी रक्त घेतलं. सुई टोचताना ती ओरडली नाही, नुसतं तोंड वाकडं केलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. डॉक्टरांनी सांगितलं, मी दिलंय तेच औषध द्या, दुसरं काही नको, लघवी कमी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर थांबू नका. मी लंगोट मोजत बसलो. आणि त्याच खोलीत डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठे पाणी साचलं होतं का?"

अनघा म्हणाली, "छे हो डॉक्टर. आमचे बाबा फार काटेकोर आहेत."

मी गप्प बसलो. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तू असतीस तर कोपरानं ढोसलं असतंस आणि मला तोंड उघडावंच लागलं असतं. मी मुलीच्या तोंडून माझी खोटी स्तुती ऐकली, आणि तिच्या मांडीवर माझ्या चुकीनं तापलेली नात झोपलेली होती. एवढा भित्रा मी आहे हे मला सत्तर वर्षांत कळलं नव्हतं. तुला कळलं होतं का गं?

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी तरी दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं, तोही चांगला. साधा ताप होता, चौथ्या दिवशी उतरला आणि उतरल्या उतरल्या तिनं माझा कान ओढला. मी देवाला हात जोडले. तू गेल्यापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ते सुरू केलं.

काल रविवार. अनघा रेवाला भरवत होती. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. पातेलं, मंगलबाईंवर ओरडणं, अळ्या, अकराचे आठ, डॉक्टरांसमोरचं गप्प बसणं. शेवटी म्हणालो, "तू तिला पाळणाघरात ने. मी चिडणार नाही."

तिनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मंगलबाई मलाही विचारायला आल्या होत्या. काका ओरडले, तुम्ही सांगता का, म्हणून. मी म्हटलं, राहू दे, आईनं भरलंय. पातेलं रिकामं दिसलं तेव्हाही काही विचारलं नाही, आणि डॉक्टरांसमोर मीही खोटंच बोलले."

आपली मुलगी, एवढी शिकलेली, दिवसभर हिंजवडीला बसून जगाच्या चुका दुरुस्त करणारी. रोज संध्याकाळी पोरीचे पाय बघायची आणि मग बाल्कनीत जाऊन ते पाणी बघायची. मला वाटायचं ती मोकळ्या हवेला जाते. आम्ही दोघंही तुला तिथे ठेवून बसलो होतो आणि डास चावत होते ते रेवाला. हे कळल्यावर आम्ही दोघं रडलो, आणि आमच्याकडे बघून रेवाही रडायला लागली. मग तिला गप्प करण्यात आमचं रडणं राहून गेलं.

डोळे पुसून अनघा म्हणाली, "पाळणाघराला मी नाही म्हणून कळवलंय. परवाच कळवलं." मी विचारलं, का? एवढं होऊनही? ती म्हणाली, "तिथे बारा मुलांत एक बाई आहे. पोर रडलं की ती हातातलं काम संपवून उठते, मी उभं राहून पाहिलंय. रेवानं नुसतं हूं केलं तरी तुम्ही उठता, बाबा. त्या तापात मी चार दिवस बघत होते. बाकी चुका होतात हो. हाकेला उठणारं माणूस हवं, बास."

मी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो.

तू गेलीस त्या सकाळी आपला अबोला होता. मी ते डासांचं यंत्र पाळण्याशेजारी लावलं होतं, तू उपटून कट्ट्यावर आपटलंस, मी नको ते बोललो. मग तू पातेलं भरलंस. रोज त्याचा एक कान तू धरायचीस आणि एक मी. त्या दिवशी तू ओट्यापाशी थांबलीस आणि अबोला तूच मोडलास. "अहो, जरा या हो. आज मला उचलवत नाहीये." मी पेपरचं पान उलटलं. तू एकटीनं ते बाल्कनीत नेलंस. सगळ्यांना मी सांगितलं की मी आत होतो, नळ चालू होता, काही ऐकू आलं नाही. डॉक्टरांना सांगितलं, तुझ्या भावाला सांगितलं, अनघालाही तेच सांगितलं, आणि कालही तिला तेवढं एक सोडून बाकी सगळं सांगितलं.

आता रेवा हूं करते आणि मी धडपडत उठतो. अनघाला वाटतं हा माझा स्वभाव आहे.

तुझी हाक मला ऐकू आली होती गं. पहिल्याच वेळेला, अगदी स्पष्ट.